दार हळू लावा

शेजारच्या नेनेकाकांनी आपली जुनी निळी मोटार मालिकेच्या शूटिंगला दिली, म्हणून मीही बघायला गेलो. नायकाने भांडून घराबाहेर पडायचं, गाडीत बसायचं आणि दार धाडकन आपटायचं, असा प्रसंग होता. पण दर वेळी कॅमेऱ्यामागून काका ओरडायचे, "अहो, हळू!" शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले आणि चिडलेल्या नायकाने, घरात बाळ झोपलेलं असावं तसं, दार अलगद लावलं.

काल तो भाग आम्ही काकांकडेच पाहिला. रागातला तो हळुवारपणा बघून माझ्या बायकोचे डोळे पाणावले. माणसाचा जीव कशात आहे, हे तो दार कसं लावतो त्यावरून कळत असावं, असं मला वाटून गेलं.

तेवढ्यात काकू काकांना म्हणाल्या, "आणि परवा माझ्याशी भांडून फिरायला गेलात, तेव्हा घराचं दार कसं लावलंत हो?"