आबांचं ॲसिड आणि आमची गळकी गाडी

केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरणाऱ्या बायांचे हात दिवसभर पाण्यात असतात आणि घसा कोरडा. सावद्याजवळच्या ज्या आवारात केळीचे ट्रक भरतात, तिथं बायांसाठी संडास नाही. म्हणून घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत त्या पाणीच पीत नाहीत. चक्कर, जळजळ, ताप, सगळं अंगावर काढतात. यावर मी पत्रकं लिहिली, वाटली, आवाराच्या फाटकात उभी राहून मोठ्यानं वाचली. एका वयस्कर बाईनं पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली आणि विचारलं, "पोरी, याच्यात जाता येतं का?"

म्हणून गाडी आली. माझी मैत्रीण ती चालवते. शाळेची जुनी छोटी बस आम्ही घेतली आणि धुळ्याला देवपुरातल्या एका फिटरभाऊंकडून तिचं घर करून घेतलं. पुढं झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, मागं संडास आणि हात धुवायचं बेसिन, छताजवळ पाण्याची टाकी, फळीखाली छोटा पंप. आम्ही दोघी तिच्यातच राहतो. दिवसा ती बायांची असते.

सावद्याला आम्हांला गाडी लावायला जागा दिली ती आबांनी. आबा केळीवाले शेतकरी, घर मळ्यातच. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पहिल्याच संध्याकाळी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी गाडीत आणून दिली आणि आमच्या कोऱ्या शेगडीकडे बघून म्हणाल्या, "ही काय पूजेची शे का?" 'आहे'साठीचा धुळ्याकडच्या माहेरचा तो 'शे' त्यांनी इतक्या वर्षांत सोडला नव्हता.

पहिल्या दिवशी आवारात बाया बिचकत आल्या. मी भाषण केलं, मडक्यातलं पाणी प्या म्हटलं, आणि त्या प्यायल्या. इथंच आमची फजिती झाली. दुपार व्हायच्या आत टाकी कोरडी पडली. पंप नुसता घरघरत होता. पाणी प्यायलेल्या बाया आता कुठं जाणार? ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, तोलणारे, सगळे आजूबाजूला. दोघीजणी पार रस्त्यापलीकडच्या मळ्यात गेल्या. कमरेला पत्रक खोचणारी ती बाई गाडीच्या दारात आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "आमची आमाले सवय व्हती. तुमी कायले मोडली?"

मला शिव्या चालतात. हे चाललं नाही.

दुसऱ्या दिवशीही ट्रक भरायचे होते. गाडी कोरडी घेऊन गेलो असतो तर त्या बायांनी पुन्हा कुणाच्याही सांगण्यावरून घोटभर पाणी घेतलं नसतं. आबांच्या मळ्यात परतलो, टाकी भरली, पंप चालू केला. मागच्या चाकाशी पाणी साचायला लागलं. तिथं वर कुठलाच पाइप नाही. मी देवपूरला फोन लावला आणि फिटरभाऊंना सुनावलं. सगळं तपासून दिल्याची खात्री देत ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी बठ्ठं तपासीसन देयेल शे. पानी पडस तठे नका पहा, वरतीन पहा."

मैत्रिणीनं फळ्या उचलल्या. खाली पाइपांचं जाळं आणि अंधार. हात लावावा तिथं ओल, कारण पाणी लोखंडी पट्टीवरून वाहत मागं जात होतं. शेवटी तिनं माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढला. म्हणाली, "कागद स्वस्तातला आहे, लगेच टिपेल." सगळं पुसून कोरडं केलं आणि प्रत्येक जोडाखाली एकेक पत्रक अंथरलं. 'बाईनं पाणी का प्यायचं नाही?' हा माझा मथळा ओळीनं मांडलेला. पंप चालू केला. थोड्या वेळानं पंपाजवळच्या पत्रकावरचा 'पाणी' हा शब्द विरघळला. मग बेसिनच्या वळणाखालचा. दोन्हीकडे पाइपाला पाइप जोडणारे लोखंडी निपल, म्हणजे आट्यांचे छोटे तुकडे, होते.

एम-सील मळून थापलं. एक बंद केलं की शेजारून झिरपायचं. मी वैतागून पान्यानं निपल आवळायला गेले तर त्याचे आटेच भुग्यासारखे हातात आले.

एवढ्यात आबा मळ्यातून आले. त्यांनी तो भुगा अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला आणि खालीच बसले.

"हे मीच केलं," ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी आमच्या नळाला पाणी बारीक येत होतं, हे मैत्रीण त्यांच्यापाशी सहज बोलली होती. इकडं बोअरचं पाणी क्षाराचं. केळीच्या ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या की शेतकरी पाण्यातून ॲसिड सोडतात, रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन काढतात. आम्ही बाजारात गेलो तेव्हा आबांनी तेच आमच्या टाकीत ओतलं. सकाळी आम्ही उठायच्या आत स्वतः धुऊनही काढलं. "पानी मोकयं येईल, म्हटलं. केयीच्या नयीले काही व्हत नाही, ती पलाष्टिकची. तुमचं लोखंड हाये हे ध्यानातच नाही आलं."

अक्का ओट्यावरून ऐकत होत्या. "केयीचं करता करता मानसाचंबी केयीवानीच करता तुमी. उद्या मले ताप आला तर मुयाशी खत टाकसाल."

"तुले कधीचं टाकतो," आबा म्हणाले, "म्हनून तर एवढी वाढली."

मी पत्रकं लिहिणारी. कुणाचं चुकलं की बोट दाखवायची सवय हाडात आहे. पण आमच्या पाण्याची धार बारीक आहे म्हणून न सांगता दुरुस्ती करणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. संडास बांधणं ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे मी अर्ज करकरून थकले आहे. बोट कुणाकडे दाखवणार?

आबा मोटरीच्या खोलीतून ठिबकच्या जोडांचं पोतंच घेऊन आले. त्यातून मापाचे प्लास्टिकचे निपल निवडले. गंजलेले तुकडे मैत्रिणीनं कापून काढले, मी आट्यांवर टेफलॉनची पट्टी गुंडाळली, आबांनी आवळलं. फार आवळायला लागले की अक्का ओट्यावरून ओरडायच्या, "फोडसाल." टाकी पुन्हा पुन्हा भरून धुतली, वास जाईपर्यंत. दिवस मावळायच्या आत नवी पत्रकं अंथरली, पंप चालू केला आणि चौघं त्या कागदांकडे बघत बसलो. कागद कोरडे राहिले. देवपूरला फोन करून मी माफी मागितली. फिटरभाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, भरीत खाऊन या."

सकाळी आवारात मी भाषण केलं नाही. करायला तोंड नव्हतं. गाडी उभी केली, सावलीत पिण्याच्या पाण्याचं मडकं ठेवलं आणि बाजूला बसले. बाया फण्या धूत राहिल्या. कुणी इकडं बघेना. दिवस चांगला वर आल्यावर ती वयस्कर बाई उठली. आत जाऊन नळ पूर्ण सोडला, बराच वेळ सोडून ठेवला. बाहेर येऊन वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, चाकाशी हात लावून माती कोरडी आहे का ते तपासलं. मग मडक्यापाशी गेली, तांब्या बुडवला आणि उभ्यानंच सगळा प्यायली. दुसरा भरून मागच्या बाईला दिला.

आबांचा माल त्याच दिवशी भरला जात होता. ते ट्रकपाशी उभे होते. ती त्यांना म्हणाली, "काय आबा, तुमच्या केयीले घडीघडी पानी. आमाले कधी इचारलं व्हतं?"

मडकं रिकामं झालं होतं. आबांनी ते खांद्यावर घेतलं आणि भरायला गेले.