हळदीच्या दिवशी मशीन अडलं

भावाच्या हळदीला जायचंच, असं ठरवून त्या दिवशी मी साडी पिशवीत घालूनच लॅबला गेले. हिरवी साडी, मुद्दाम. बोलणाऱ्यांनी खुशाल बोलावं. माझा नवरा गेलाय, रंग नाही गेले.

ट्रेलर चालवायचा तो, घाटात गेला. त्यानंतर सासरी कोणी 'राहा' म्हणालं नाही आणि माहेरी कोणी 'जा' म्हणालं नाही, एवढाच काय तो फरक. मी रेवदंड्याला खोली घेतली आणि खाडीपलीकडच्या औषधांच्या कारखान्यात लागले. खोलीत मी आणि कुकर. शिट्ट्या मोजायलासुद्धा दुसरं माणूस नाही.

आमचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. आमच्यात हळद पहिली सवाष्णी लावतात, धवलारीण गाणं म्हणते आणि मग बाकीचा गाव तुटून पडतो. भावाने फोनवर सांगून टाकलं होतं, "ताय, पहिली हलद तू लावाची. न्हायतर मी पाटावर बसतच न्हाय." आत्या म्हणाली, "माया हाय ती ठीक हाय, पन रीत म्हंजे रीत." आणि आई बिचारी मधल्यामधे. तिने मला हळूच सांगितलं होतं, "ये तू, पन हलदीच्या टायमाला जरा मागं उभी ऱ्हा." मी 'बरं' म्हणाले होते आणि मागं उभं राहायचं नाही हे मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्या गालाला माझी बोटं लागावीत, एवढंच मला हवं होतं. अंगाखांद्यावर खेळवलाय मी त्याला.

दुपारची एसटी धरायची होती. त्याआधी गोळ्यांच्या एका लॉटची तपासणी संपवायची. आमचं ते एचपीएलसी मशीन तसं सरळ आहे. पंप द्रावण ढकलतो, ते वीतभर पोलादी नळीतून जातं, तिला कॉलम म्हणतात, आणि पलीकडे औषधात काय काय आहे ते वेगळं होऊन दिसतं. त्या दिवशी पंप सुरू केला आणि प्रेशरचा आकडा चढायला लागला. चढता चढता थांबेचना. मग अलार्म वाजला आणि पंप बंद. अरे देवा, आजच?

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तूच बघ ना. बाकी सगळे लग्नसराईत गेलेत." जसं काही मी एकटीच बिननात्यागोत्याची!

बरं, तर बघितलं. अशा वेळी शेवटाकडून मागे मागे यायचं असतं. एकेक जोड सोडायचा आणि आकड्याकडे बघायचं. आकडा पडला, की समजायचं नुकताच काढला त्याच भागात अडलंय. कॉलमच्या पुढची नळी सोडली, आकडा ढिम्म. कॉलम काढला आणि आकडा धपकन खाली. म्हणजे चोर सापडला. आदल्या दिवशीच्या महाशयांनी क्षाराचं द्रावण चालवलं होतं आणि मधे पाणी न सोडता सरळ सॉल्व्हंट सोडून रजेवर पसार झाले होते. क्षार सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, आतच खडा धरतो. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मोठ्याने. ऐकायला एसी होता. आमच्या आजोबांनी जन्मभर मिठागरात मीठ धरवलं आणि मला पगार मिळतो तो मीठ धरू नये म्हणून. नशीब एकेकाचं.

कॉलम उलटा लावला, त्याचं दुसरं तोंड बीकरमध्ये सोडलं आणि कोमट पाणी अगदी सावकाश चालू केलं. घाई केली तर कॉलम कायमचा जातो. खडा आपल्या वेळेने विरघळतो, हळदीच्या वेळेने नाही. एसटी हुकणार असं दिसायला लागलं तेव्हा आईला फोन लावला. मागे बँजो वाजत होता.

"आई, मशीन अडलंय. उशीर होईल बहुतेक."

"बरा झाला गो बाय!" ती म्हणाली. पटकन म्हणाली, सुटल्यासारखी. मग तिच्याच लक्षात आलं. "म्हंजे, कामच तसा, तू तरी काय करशील? जेवलीस का?"

जेवले म्हणाले. फोन ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. मला आईचा राग आला नाही, हे जास्त वाईट होतं. माझी आई वाईट नाही. आत्या, भावकी, नवी सोयरीक, सगळ्यांसमोर स्वतःच्या लेकीला 'मागं हो' म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि मशीनने तिची सोडवणूक केली होती.

आकडा उतरायला लागला. मी कॉलम सरळ लावला, प्रेशर जागेवर आलं, पडद्यावरची रेघ सपाट, एकदम शहाण्यासारखी. पुढची एसटी होती. धावत गेले असते तर हळदीच्या आत पोचलेही असते. तेवढ्यात भावाचा फोन.

"ताय, कुठवर आयलीस?"

"मशीन सुटलं रे," मी म्हणाले. "पण मी नाही येत."

"आई बोलली काय काही?"

"आई कशाला बोलेल? ती तर ये म्हणते. मलाच इथून हलता येत नाही. तू बस पाटावर."

तो चिडून म्हणाला, "तुझा तू बघ," आणि फोन ठेवला. मी नमुने लावले. सगळे व्यवस्थित गेले, लॉट पास झाला.

संध्याकाळी चुलतबहिणीने फोटो पाठवला. भाऊ पाटावर, कानापर्यंत पिवळा. आई त्याच्या मागे, दोन्ही हात हळदीने भरलेले, तोंड भरून हसत होती. माझ्या लग्नानंतर मी तिला असं हसताना बघितलंच नव्हतं. मी फोटो बोटांनी मोठा करत करत भावाच्या चेहऱ्याशी नेला. कुठेतरी थोडा रुसवा असेल, माझ्यापुरता, असं वाटलं होतं. तोही हसत होता. दोघांनी हसावं म्हणूनच तर मी गेले नव्हते, आणि ते हसणं बघून मी लॅबमध्ये एकटीच हमसून हमसून रडले.