कोळंब्यांना तांब्याचं पाणी

चार कोळंब्या उताण्या पडल्या होत्या. बाकीच्या काचेवर आपटत सैरावैरा पळत होत्या. मे महिना, दुपारचे दोन, आणि माझ्या हातात रिकामा तांब्या.

टाकी नातीची. आत नखाएवढ्या लालपांढऱ्या एकवीस कोळंब्या. कॉलेजच्या सहलीला आठ दिवस जाताना तिने मला कागद लिहून दिला होता: पाणी आटलं की फिल्टरचंच घाल, बर्फ टाकू नकोस, टाकीवरचा छोटा पंखा बंद करू नकोस. वर तोंडी बजावलं, "आजी, त्यांतल्या एकीने पहिल्यांदाच पोटाशी अंडी धरलीत. तिला जप." मी जन्मभर कोळंब्या सोलल्या. कोळंबीच्या बाळंतपणाला बसायची वेळ ही पहिलीच.

बडोद्याच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर आटतं. फिल्टरच्या पाण्याचा मला पहिल्यापासून राग. त्याला चव नाही. आमच्याकडे सकाळी अनशापोटी सगळे तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितात. म्हटलं, बाळंतीण आहे, चांगलं पाणी द्यावं. तीन दिवस तेच घातलं. आदल्या दिवशी तर हंडा चिंचेने लख्ख घासला होता.

कागदाच्या तळाशी फतेगंजच्या शोभेच्या माशांच्या गुजराती दुकानदाराचा नंबर होता. लावला.

"पाणी कशातलं घातलंत, बा?"

"तांब्याच्या हंड्यातलं. चिंचेने घासलेल्या."

"अरे बा, आ शुं कर्युं, हे काय केलंत! माणसाला चालतं, कोळंबीला तांबं म्हणजे विष!" मग म्हणाला, अर्धं पाणी काढा, फिल्टरचं भरा, पण थेंब थेंब, एकदम ओतलंत तर उरलेल्याही जातील. मग मला टाकीतला थर्मामीटर वाचायला लावला: पाणी एकतीस अंशांवर गेलंय, गरम पाण्यात त्यांना हवा पुरत नाही, मोठा पंखा लावा.

मोठा पंखा आमच्या ह्यांच्या तोंडावर चालू होता.

"उठू नका, पंखा नेतेय."

"आणि मी?"

"तुम्हाला घाम येतो. त्यांना येत नाही."

"कोळंबीसाठी नवऱ्याला भाजतेस?"

"एरवी तुमच्यासाठी कोळंबी भाजते, तेव्हा बोलत नाही तुम्ही."

ह्यांच्या आजारपणातली सलाईनची एक कोरी नळी कपाटात होती. फिल्टरच्या पाण्याची बादली स्टुलावर चढवली, नळीचं एक टोक बादलीत, दुसरं टाकीत. हे ओला पंचा डोक्यावर घेऊन थेंबांवर नजर ठेवून बसले. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "माझा पंखा कधी?" मी मेलेल्या कोळंब्या चहाच्या गाळणीने काढत होते.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, दाखव ना त्यांना."

"झोपल्यात."

"कोळंब्या अशा झोपत नाहीत."

"इथे झोपतात. आजोबांची संगत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी बदललं. पंखा टाकीवरच राहिला, हे बाजूच्या सोफ्यावर सरकून उरलेला वारा खात होते.

नात परत आली तेव्हा मी हंडा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. झोपेची थापसुद्धा. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने टाकीवर कागद चिकटवला: आजीने काहीही घालू नये.

एकविसांतल्या नऊ जगल्या. अंडीवाली त्यांत आहे. अंडी मात्र तिने टाकून दिली.