सासर अमरावतीचं, बाजू अकोल्याची

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा सासरच्यांनी माझं जवळजवळ सगळंच बदलून घेतलं. नाव बदललं, लुगडं नेसायची तऱ्हा बदलली, वरणाला फोडणी कशी द्यायची तेही नव्याने शिकवलं. एकच गोष्ट त्यांच्या हाती लागली नाही. सायकलच्या शर्यतीत मी अकोल्याच्या बाजूची होते, आणि आज इतक्या वर्षांनी ते सांगतानाही माझा आवाज चढतो.

शर्यत तीन दिवसांची होती. दोन्ही गावच्या हौशी मंडळींनी चैत्रात ठरवली होती. पहिल्या दिवशी अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून बाळापूर आणि किल्ल्याला वळसा घालून परत. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून पुन्हा अमरावती. तिन्ही दिवसांचा वेळ एकत्र धरायचा, ज्याचा सगळ्यांत कमी तो जिंकला. उतरले बरेच जण होते, पण चुरस दोघांचीच. अमरावतीकडून मोर्शीच्या संत्र्याच्या बागेतला एक धिप्पाड जवान होता, त्याला सगळे मोर्शीवालाच म्हणत. अकोल्याकडून होता आमचा फुलवाला. माझ्या माहेरच्या गल्लीतला, काका म्हणावं एवढ्या वयाचा, अंगाने काटकुळा. रोज पहाटे झेंडूच्या पाट्या सायकलला बांधून तो मळ्यातून गावात येई.

आमचा धंदा भाजीचा. बाजार उठला की सासऱ्यांचे दोस्त आमच्या ओसरीवर चहाला जमत, आणि त्या तीन दिवसांत शर्यतीशिवाय दुसरा विषय नव्हता. मी आत दाराशी भाजी निवडत बसलेली असे. आमच्याकडे सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्या सासऱ्यांना सांगणार, सासरे त्यांनाच उत्तर देणार, आणि त्या ते माझ्याकडे आणणार. सगळे हाताच्या अंतरावर बसून एकमेकांचं सगळं ऐकत असायचे, तरीसुद्धा.

पहिल्या दिवशीची खबर संध्याकाळच्या पॅसेंजरने आली. मोर्शीवाल्याने बडनेऱ्यापासूनच सगळ्यांना मागे टाकलं आणि एकटाच अकोल्यात शिरला. फुलवाला बराच मागून, दुसऱ्या काही जणांच्या घोळक्यात आला.

"पाहा, याले म्हनतात मर्द," मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोस्तांना म्हणाले. "आन् तो अकोल्याचा? दिवसभर दुसऱ्याच्या पाठीमागं लपून बसला."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "मामाजीले सांगा, तो लपला नाई. वारा समोरून होता. पुढच्याच्या आडोशाले राहून त्यानं पाय वाचवले."

"ती म्हनते, पाय वाचवले," सासूबाई म्हणाल्या.

"पायच वाचवाचे होते तं घरी झोपाचं होतं."

दोस्त हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. "मामाजीले इचारा, नांदगावच्या बाजाराले जातानी ते सोता आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीमागं कावून लावतात? पुढच्याच्या मागं बैल हाकावा लागत नाई, दमत नाई म्हनूनच ना? मंग तेबी लपनंच झालं का?"

हे सासूबाईंनी सांगितलंच नाही. सांगायची गरजही नव्हती. दोस्तांपैकी एकाला ठसका लागला आणि मामाजींचे कान लाल झाले. "तिले सांग," ते म्हणाले, "तिचा फुलवाला जितला तं खुशाल आखाजीले माहेरी जाय म्हना. नाई जितला तं माहेराचं नाव काढाचं नाई."

ओसरी पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, आईच्या हातचं खातात. माझ्या लग्नानंतरच्या दोन्ही आखाज्या हुकल्या होत्या, एक टरबुजाच्या हंगामापायी, दुसरी नणंदेच्या बाळंतपणापायी. आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझे वडील गेले होते. तेराव्याला मला नेलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणलं. पाहुण्यांच्या पंगती वाढण्यात तो दिवस संपला. आईजवळ बसून रडायचंही राहून गेलं होतं. त्या आखाजीला मला जायचंच होतं, आणि ते आता दोन माणसांच्या पायडलांवर टांगलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी चलती होती. बाळापूरच्या अलीकडे मोर्शीवाल्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्याच्या कडेला बसून त्याने पाय चोळून घेतले, आणि फुलवाला सगळ्यांच्या आधी परत अकोल्यात पोचला. दोन्ही दिवसांचा वेळ धरला तर मोर्शीवाला अजून पुढेच होता, पण अगदी थोडक्याने.

"मामाजीले सांगा, काल समोरच्या वाऱ्यात एकट्यानं मर्दुमकी केली, ती आज पायातून निघाली."

मामाजी शर्यतीच्या बाबतीत कच्चे नव्हते, एवढं मला कबूल करायला हवं. ते म्हणाले, "तिले सांग, उद्या अकोल्याहून इकडे येतानी वारा पाठीशी राहीन. पाठीशी वारा असला तं आडोसा काय कामाचा? उद्या ज्याच्या मांडीत जोर, तो जितला."

"त्याईले सांगा, बडनेऱ्यापासून रस्ता वळते, तिथं वारा आडवा लागते. फुलवाला तिथवर मोर्शीवाल्याच्या मागंच राहीन आन् मंग सुटन."

"माझं तोंड दुखून राहिलं बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "मले त्या सायकलीले चाकं किती तेबी मालूम नाई." त्या उठून गोठ्यात गेल्या, आणि त्या दिवसाची चर्चा तिथेच थांबली.

तिसऱ्या दिवशी अर्धं गाव बडनेऱ्याच्या रस्त्यावर लोटलं. शर्यत संपायची तिथे कमान उभारली होती; तिच्याजवळ आम्ही बायका एका कडुनिंबाखाली उभ्या होतो, पुरुष पलीकडे. पुढून एक मोटार आली. तिच्यातल्या माणसाने ओरडून सांगितलं की फुलवाला अकोल्याजवळच्या बोरगावपासूनच एकटा पुढे निघालाय. मी दोन दिवस छातीठोकपणे जे सांगत होते, त्याच्या नेमकं उलट त्याने केलं होतं. कुणाच्या मागे नाही, कशाचा आडोसा नाही.

"येडा हाय का तो?" पलीकडून मामाजींचा आवाज आला. क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग तिथे उन्हात उभ्या उभ्या मला त्याचं गणित कळलं. मागे राहून पाय वाचतात, हे खरं. पण मोर्शीवाला वेळात पुढे होता. त्याच्या मागे मागे अमरावतीपर्यंत आला असता, तर फुलवाला मागेच राहिला असता. जिंकायचं तर एकदा पुढे होऊन बडनेऱ्यानंतरचा आडवा वारा एकट्याने अंगावर घेणं भागच होतं. आणि मी दोन वर्षं आडोशाला बसून पाय वाचवत होते, ते नक्की कशासाठी, असा प्रश्न मला तिथेच पडला.

ते आले. पुढे फुलवाला, तोंडाला फेस, मान खाली. आणि त्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्याच आडोशाला, मोर्शीवाला. बडनेऱ्यापाशी त्याने गाठलं होतं आणि तिथून तो मागेच चिकटून बसला होता. आमच्या डोळ्यांसमोर तो बाहेर निघाला आणि चाकभर पुढे होऊन कमानीखालून गेला. फुलवाल्याने सायकल झाडाला टेकवली, एक तांब्या पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि जाऊन मोर्शीवाल्याचा खांदा थोपटला. त्याचा चेहरा पडला नव्हता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

संध्याकाळी ओसरीवर पेढे आले. "पोट्ट्यानं डोकं चालवलं," मामाजी म्हणत होते. "त्याच्या मागं राहून पाय वाचवले, आन् बरोबर टायमाले निघाला."

मी मेथी खाली ठेवली आणि उठून दारात आले. पदर डोक्यावर होता. "मामाजी," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"फुलवाला हरला, ते मी पाह्यलं. तिकडचा मागं राह्यला तं लपला, तुमच्यावाला मागं राह्यला तं डोकं चालवलं. ते तुमचं तुमी पाहा. पन माझं माहेर मी डावावर लावलं नोतं, तुमी लावलं. दुसऱ्याचं असते ते लावता येत नाई. मी आखाजीले मायजवळ चालली."

"हे आता मी सांगू का?" सासूबाईंनी विचारलं.

कपबशी खाली ठेवून मामाजी मागच्या अंगणात गेले, आणि दोस्त आपापल्या चपला शोधू लागले. मी दारातून हलले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि माझ्यासोबत स्टेशनपर्यंत उचलून आणली. अकोल्याला आई आणि मी चुलीपाशी बसून मनसोक्त रडलो. झोक्यावर मी बसलेच नाही. मला आणायला कुणी येणार नाही असा निरोप आला, म्हणून मी माझी एकटी परत आले.

त्यानंतर पोळ्यापर्यंत मामाजी माझ्याशी बोलले नाहीत, सासूबाईंमार्फतसुद्धा नाही. मी मात्र रोज बोलत होते, तेही थेट. मामाजी, चहा ठेवला. मामाजी, आभाळ भरून आलं, कांद्याची पोती आत घ्या. उत्तर येत नसे, पण पोती आत येत.