तपकिरी चौकड्यांचा शर्ट

वरच्या खोलीत बहिणीसोबत राहणारा भाडेकरू बारा महिने तपकिरी चौकड्यांचाच शर्ट घालतो. माझ्या बापाकडं एकच शर्ट होता, कारण दुसऱ्याची ऐपत नव्हती. मी घरातला पहिला पदवीधर. रोज इस्त्रीचा आणि रोज वेगळा शर्ट घालून निघतो. त्यामुळं बिडकीनच्या कंपनीत पगार घेणारा माणूस असा का राहतो, कुठून पळून तर आला नाही, असं मला सारखं वाटायचं. जिन्यात भेटला की भिंतीकडं बघून "नमस्कार, नमस्कार" म्हणायचा, नेहमी दोनदा.

मी घरमालकांच्या कानावर घातलं.

"तुम्ही शिकलेले, तुम्हीच बघा सर," ते म्हणाले. "गडबड वाटली तर खोली रिकामी करून घेतो."

रविवारी गच्चीवर गेलो. दोरीवर तसलेच तीन शर्ट वाळत होते आणि चौथा त्याच्या बहिणीनं साडीवर घातला होता. माझा संशय पक्का झाला.

"ताई, हा काय प्रकार?"

"नवाय ना, टोचतो त्याला. मी घालून घालून मऊ करते, मग तो घालतो. ऑटिझम आहे त्याला, लहानपणापासून. सगळं सवयीचंच लागतं, कपडे बी अन् घर बी." तिनं माझ्या कडक कॉलरकडं बघितलं. "तुम्हाला तर लई भितो, भाऊ. म्हणतो, हा माणूस रोज बदलून येतो, काहीतरी लपवत असंल."

खाली मालक दारातच उभे होते. "काय सर, काढायचा का?"

"राहू द्या," मी म्हणालो. "त्याची माझ्याबद्दल खात्री पटायचीय अजून."