रंग सांगा, लाज घरी ठेवा

“रंग सांगा, मालक. लाज घरी ठेवा.”

पोटात दुर्बीण घालून तपासायला आलेल्या प्रत्येक पेशंटला आमचे मामा दारातच हे ऐकवत. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात मी इनचार्ज सिस्टर, ते दुर्बिणी धुणारे. माझ्याकडे चौदा प्रश्नांची छापील यादी. पण संडासचा रंग विचारला, की नायगावकडचा एखादा म्हातारा छताकडे बघत बसे. मग मामा खिशातून काड्यापेटी काढत. आत रस्त्यावरचा डांबराचा खडा.

“असा हाय का?”

म्हातारा मान हलवी, की मामा मला सांगत, “लिवा सिस्टर. आत रक्त जाऊन राहिलं.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सगळ्यांचं विचारणारा, स्वतःचं न सांगणारा.

गेल्या वर्षी मामा जिना चढताना दमू लागले. “वय झालं तुमचं,” मी म्हणाले. “वयाचं न्हाई, बंद लिफ्टचं बघा.” मी हसले आणि कामाला लागले. पुढे एकदा त्यांचे तळहात कागदासारखे पांढरे दिसले, तेव्हा ओढतच रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन सहा, हवं त्याच्या निम्मंही नाही.

“संडास काळी होते?”

“लोहाच्या गोळ्या खाऊन राहिलो. त्यानं होतीच की.”

“गोळ्या कधीपासून?”

“महिना झाला.”

“आणि काळी कधीपासून?”

मामा छताकडे बघू लागले.

गुडघ्यांसाठी ते वर्षभर दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून खात होते. दिवसभर उभं राहायचं ना. माझ्या यादीत तोही प्रश्न होता. पण यादी पेशंटसाठी होती. मामांचं नाव ड्युटीच्या तक्त्यावर होतं.

तोंडातून दुर्बीण घातली, खालूनही घातली. दोन्हीकडे स्वच्छ. राहिलं मधलं लहान आतडं, जिथे या दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत. म्हणून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली. कमरेला तिचे फोटो साठवणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधून मामा सरळ दुर्बिणी धुवायला उभे राहिले.

“बसा की मामा!”

“ती आत काम करून राहिली, अन् म्या बसू?”

संध्याकाळी फोटो पाहिले. लहान आतड्यात दुखीच्या गोळ्यांनी पडलेले व्रण, त्यांतून झिरपणारं रक्त. तिथवर पोचणारी लांब दुर्बीण आमच्याकडे नाही. हैदराबादला पाठवायचं ठरलं. निघताना त्यांनी काड्यापेटी माझ्या हातात दिली.

“येईपर्यंत सांभाळा. यादीत लिवून ठेवा, न्हाईतर हरवाल.”

“मी कधी काही हरवलंय का?”

हैदराबादला लांब दुर्बिणीतून दोन व्रणांना चिमटे लावले, रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिसरा फुटला. ऑपरेशनला घेतलं. मामा टेबलावरच गेले.

काल अर्धापूरचे एक आजोबा पुन्हा तपासणीला आले. रंग विचारला, तर टोपी चाचपू लागले. मी ड्रॉवरमधून काड्यापेटी काढून उघडली.

“असा आहे का?”

त्यांनी मान हलवली. मग दाराकडे बघत म्हणाले, “सिस्टर, ते मामा कुठं गेले वो?”

मी छताकडे बघितलं.