डुप्लिकेट चाचा

स्पीकर हातात आला की चाचा आधी त्याचा वास घ्यायचे. वाजवून बघणं वगैरे सगळं नंतर. डबा उघडायचा, स्पीकर उलटा करायचा, नाक पार त्याच्या पाठीला टेकवायचं आणि डोळे मिटून एक मोठा श्वास. मग डोळे उघडून समोरच्याकडे असं बघायचे, की स्पीकरऐवजी आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटावं. "डुप्लिकेट," एवढंच म्हणायचे आणि डबा परत करायचे. बीडला बार्शी नाक्याजवळ त्यांचं गाड्यांच्या टेप-स्पीकरचं लहानसं दुकान होतं. दुकानावर पाटी होती, पण तिच्यावरचं नाव कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. सगळं गाव त्यांना डुप्लिकेट चाचाच म्हणायचं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

मी चौसाळ्याच्या शाळेत शिकवते. बीडहून रोज गाडीनं जाऊन-येऊन करते. गाडी सासऱ्यांनी घेतलेली, आता अठरा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण मागचे स्पीकर असे खरखरायचे की अभंग लावला तर बुवांना पडसं झाल्यासारखं वाटायचं. मांजरसुंब्याचा घाट एकटीनं चढायचा तर गाण्याची सोबत हवीच. नवऱ्याचं म्हणणं, "गाडी विकून टाक." म्हणजे त्याला कपाटाचं बिजागर निखळलं तरी कपाट विकायचं असतं. मी ऑनलाइन एक जोडी मागवली आणि बसवून घ्यायला चाचांकडे गेले.

आता मीही काही भोळी नाही. मेथीची जुडी सोडून आत काय भरलंय ते बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही. चाचांबद्दल कुणीतरी सांगितलं होतं, की हा माणूस चांगला माल काढून घेतो आणि भंगार बसवतो. म्हणून मी आदल्या दिवशी नव्या स्पीकरच्या कडेला आणि गाडीतल्या टेपच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचे बारीक ठिपके लावून ठेवले होते. चाचांनी स्पीकर हातात घेतला आणि पहिल्यांदा तो ठिपकाच बघितला.

"हे काय हाय, बाई?"

"खूण आहे," मी म्हणाले. आता हा माणूस चिडणार, म्हणून मी सावरून उभी राहिले.

चाचांनी चष्मा वर सरकवला आणि ठिपका नखानं खरवडून बघितला. "अशी खूण लावत न्हाईत. बाहेरून लावली का कुणी बी पुसतंय. आतल्या अंगाला, तार जोडतेत तितं लावा. तितं कुणाचं ध्यान जात न्हाई." मग स्टूल पुढं ओढून म्हणाले, "बसा. तुमी आमच्यातल्या हाव."

माझी जोडी त्यांनी तिथल्या तिथं निकालात काढली. स्पीकरच्या पाठीमागच्या लोहचुंबकावर काळ्या रबराची टोपी असते. भारी मालाला ती शोभेसाठी आणि जपण्यासाठी असते. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरनं टोपी उचकटली. आत रुपयापेक्षा जरा मोठं चुंबक होतं, आणि भोवती नुसती मातीसारखी भर. डब्यावर मात्र पाचशे वॅट छापलेले. "टोपीखाली काय हाय ते बघायचं आधी," चाचा म्हणाले. "आन डब्यावरचे वॅट वाचायचेच न्हाईत. पाचशे वॅट खरे असते तर तुमच्या गाडीची बॅटरी चौसाळ्यापातूर बी पुरली नसती." मी ती जोडी परत पाठवली, आणि चाचांनी त्यांच्याकडची एक साधीशी, जड जोडी बसवून दिली. ती आजही मागे वाजते.

मग माझं तिथं जाणं-येणं सुरू झालं. काम नसलं तरी बाजारात गेले की पाच मिनिटं टेकायची. चाचांची एकेक तऱ्हा बघण्यासारखी होती. शेजारी फळांचा गाडा होता. नवी जोडी आली की चाचा त्या गाडेवाल्याचा तराजू मागून आणायचे आणि एका पारड्यात डावा, दुसऱ्यात उजवा स्पीकर ठेवायचे. पारडी समान राहिली नाहीत तर ती जोडी नव्हेच. गाडेवाला ओरडायचा, "चाचा, गिऱ्हाईक खोळंबलंय!" चाचा काट्यावरची नजर न काढता म्हणायचे, "मग त्याला म्हणावं थांब. तुजा तराजू बी खरा हाय का बघून घेतो."

स्पीकर वाजवून बघताना ते गाणं कधीच लावत नसत. बातम्या लावायचे. "गाण्यात सगळं लपतंय. ढोल वाजला का माणूस खुश. माणसाचा आवाज ऐकायचा. खोटा असला का लगेच कळतंय." दुकानात खिळ्याला एक जुनं मीटर टांगलेलं होतं, तार जोडलेली आहे की तुटलेली ते दाखवणारं, काट्याचं. त्याच्यावर धूळ असायची. मी विचारलं तर म्हणाले, "मीटर बाजारातलं हाय, कान अल्लानं दिलेला. कुणावर भरवसा ठिवायचा?" ज्या एका गोष्टीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता ती म्हणजे त्यांचा कान. चहाच्या दुधावर नव्हता, जावयावर तर मुळीच नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या पुढच्या दारांतले स्पीकर गेले. पावसाचं पाणी काचेवाटे आत उतरतं, स्पीकरचा कागदी पडदा कुजतो. चाचा म्हणाले, मी मागवतो, थांबा. जालन्याच्या एका शेठकडून त्यांचा वीसेक वर्षांपासून माल यायचा. आठ दिवसांनी जोडी आली. चाचांनी वास घेतला, टोपी काढली, तराजूत घातली. सगळं ठीक. मग वाजवली आणि कान जवळ नेला. मोठ्या स्पीकरच्या मधोमध एक लहान वाटी असते, ट्विटर म्हणतात तिला. टाळ, झांजा, असले बारीक आवाज तिच्यातून येतात. नकली मालात ती नुसती चिकटवलेली असते, आत तारच जोडलेली नसते. चाचा बराच वेळ वाटीपाशी कान लावून बसले आणि म्हणाले, "मुकी हाय. डुप्लिकेट."

जोडी परत गेली. दुसरी आली, तीही मुकी ठरली. या वेळी चाचांनी माझ्यादेखत शेठला फोन लावला. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. "वीस साल धंदा केला तुमच्यासंगं, आन आता चोरी शिकलात?" चाचा फोनवर ओरडले. पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर त्या शेठनी माल पाठवणं बंद केलं. इतर गिऱ्हाइकांच्या मालाचंही तसंच. जो येईल त्याला चाचा डुप्लिकेट म्हणून परत लावत होते. बातम्या देणाऱ्यांवरसुद्धा त्यांचा राग होता. "आजकालचे लोक अक्षरं गिळायलेत. 'स' तर म्हणतच न्हाईत. ते बी डुप्लिकेट." लोक त्यांना टाळायला लागले. फळ्या हळूहळू रिकाम्या झाल्या. असंच चाललं तर दुकान दिवाळीपर्यंत टिकणार नाही, हे मलाही दिसत होतं.

पण खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. संशय आला. कारण त्या दोन्ही जोड्यांच्या वाट्या मला ऐकू आल्या होत्या. नवरा म्हणाला, "साधी गोष्ट आहे. बाहेरचा माल खोटा ठरवायचा आणि शेवटी स्वतःकडचा महाग माल गळ्यात मारायचा." मला ते पटलं. इतकी वर्षं या माणसाच्या स्टुलावर बसून चहा प्यायले आणि हा मलाच बनवतोय, याचा मला फार राग आला. मी मुद्दाम दुसऱ्या एका दुकानातून, पक्की पावती घेऊन, तिसरी जोडी आणली आणि एका रविवारी सकाळी त्यांच्यापुढे ठेवली.

चाचांनी सगळे सोपस्कार केले. स्पीकर माझ्या गाडीच्या सीटवर ठेवून तारा जोडल्या. बातम्यांची वेळ नव्हती, म्हणून मी अभंग लावला. टाळ स्वच्छ वाजत होते. चाचा वाकून वाटीपाशी कान लावून बसले होते. मग सरळ होत म्हणाले, "मुकी हाय. शोभेची वाटी."

"चाचा, सरळ सांगा ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला तुमचाच माल खपवायचाय."

"माजा माल?" चाचांनी दुकानाकडं हात केला. "कुठं हाय माजा माल?"

फळ्यांवर दोन रिकामे डबे आणि एक जुनी एरियल होती. तरी माझा राग गेला नव्हता. मी हात पुढं करून वाटी तळव्यानं झाकली. टाळ एकदम दबले. तळवा काढला, टाळ पुन्हा मोकळे झाले. तीन-चारदा असं केलं आणि विचारलं, "आता सांगा, काही फरक पडतो की नाही?"

"कशात?" चाचा म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, काहीच नव्हतं. मी तळवा तसाच हवेत धरून राहिले. चाचा हुशार माणूस. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "परत करा," म्हणाले. मी केलं. त्यांनी उजवा कान लावला, मग डावा. मग दुकानात गेले, खिळ्यावरचं मीटर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि त्याच्या दोन सुया वाटीच्या तारांना टेकवल्या. काटा टुणकन हलला. चाचांनी पुन्हा टेकवल्या. काटा पुन्हा हलला.

"कवापासून ऐकायला येतंय तुमाला?"

"पहिल्या जोडीपासून."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"मला वाटलं, तुम्ही फसवताय."

"बराबर हाय," चाचा म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मला बी तसंच वाटलं असतं." ते पायरीवर बसले. म्हणाले, "म्हंजे शेठचा माल खरा होता. मी चार माणसात त्याला चोर म्हणलो." कान गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं, निदान त्या दिवशी तरी. लागलं ते हे.

मी म्हटलं, फोन करा आणि माफी मागा. फोनवर नको, म्हणून त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते जालन्याला गेले. परत आल्यावर सांगत होते, "शेठचे पाय धरायला गेलतो तर ते मलाच धरून रडले. म्हणले, चाचा, कान दाखवा डाक्टरला." डॉक्टरकडंही गेले; वयानं बारीक आवाज तेवढे ऐकू येईनासे झालेत, असं त्यानं सांगितलं. कानाचं मशीन घेतलं, आधी त्याचा वास घेऊनच. चार दिवसांत काढून ठेवलं. "बाई, लई बेकार हाय. ते लावलं का सगळ्या दुनियेचा आवाजच डुप्लिकेट येतोय. माजी बायको सुदीक."

माझे स्पीकर त्यांनी त्याच सुमारास बसवले. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आधी काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला धडकत नाही ना ते बघितलं. प्लास्टिकचा डबा कापून स्पीकरवर छपरासारखा बसवला, म्हणजे पाणी कागदावर पडणार नाही. पेन्सिल सेल तारांना टेकवून कागद बाहेर उडी मारतो की आत, ते डोळ्यांनी बघून प्लस-मायनस ठरवलं. ऐकायचं काम माझ्याकडं. "कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छान." ते वैतागले. "छान म्हंजे काय? शाळेत शिकवता ना? टाळ डावीकडून यायलेत का उजवीकडून? बुवाचा आवाज कुठं हाय, समोर का दारात?" मी डोळे मिटून एकेक आवाज सांगत गेले आणि ते स्क्रू आवळत गेले. एवढं करूनही दोनदा मीटर लावून माझं म्हणणं पडताळलं, ते वेगळंच.

पण दुकान काही सावरलं नाही. कान नसताना हा धंदा करणं म्हणजे लोकांना फसवणं, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात त्यांनी जागा सोडली आणि धर्मापुरीला लेकीकडं राहायला जायचं ठरवलं. त्याच जावयाच्या घरी. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडं आले. दारातच उभे राहिले. चहा नको म्हणाले. अंगणात गाडी होती, तिकडं गेले आणि डाव्या दारावर हात ठेवला.

आदल्याच आठवड्यात त्या दारातली वाटी बंद पडली होती. टाळ नुसते उजवीकडून यायचे. मी त्यांना दाखवायला नेणार होते, पण दुकान आवरायच्या गडबडीत ते राहून गेलं.

"दोनी वाट्या वाजतेत ना, बाई?" चाचांनी विचारलं.

"दोन्ही वाजतात," मी म्हणाले.

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. हे त्यांचं शेवटचं काम होतं आणि ते बिघडलंय असं सांगायचं माझ्यानं झालं नाही. मी किल्ली मुठीत धरून उभी होते. ते आता म्हणतील, लावून दाखवा. मीटर मागतील, निदान माझ्या चेहऱ्याकडं तरी रोखून बघतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. दारावरचा हात काढला. "तुमी म्हणता म्हंजे वाजत असतील," म्हणाले, आणि पिशवी उचलून फाटकाकडं चालू लागले. मला रडू आलं. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी किल्ली धरून तिथंच उभी होते, वाटत होतं की ते थांबतील, मागं बघतील आणि मला खोटी ठरवतील.